कपाटाची किल्ली

"औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी विचारलं. पाळणाघरं चालवणाऱ्या बायका एकमेकींची तोंडं बघत बसल्या. ताईंनी मात्र कमरेला खोचलेली किल्ली काढून वर धरली. "चोवीस तास माझ्याकडेच. आयाबायांचा काय भरवसा? भलतंच औषध पाजतील एखाद्या पोराला." "शाब्बास! याला म्हणतात शिस्त!" टाळ्या पडल्या. ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चहाच्या सुट्टीत, सकाळी दाराशी जमा केलेला फोन त्यांनी टोपलीतून उचलला. पाळणाघरातून आयाचे कॉलवर कॉल येऊन गेले होते. धास्तावून त्यांनी फोन लावला. "ताई, छोटीला दम्याचा झटका आला. तिचा पंप कपाटात, किल्ली तुमच्याकडे, तुम्ही फोन उचलेनात. शेवटी दगडानं कुलूप फोडलं." "पण दिलास ना पंप?" ताईंच्या मुठीत किल्ली रुतत होती. "तोंडाशी धरला, ताई. तिनं श्वासच ओढला नाही."