हळदीतला तुकडा

"आधी ते पूस, मग चहाचं बोल," दौलतराव म्हणाले आणि बदलापुरातल्या सुजितच्या स्टुडिओत खुर्ची ओढून बसले.

'ते' म्हणजे त्यांच्या लेकीच्या, किर्तीच्या हळदीचं शूटिंग. त्यातही तेवढाच तुकडा, जिथं खुद्द दौलतराव धाकट्या भावाच्या, बाळाच्या गळ्यात पडून नाचत होते. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद. अख्ख्या चामटोली गावाला ठाऊक. आणि आता अख्खी चामटोली हे बघणार! इज्जतीचा पार भाजीपाला.

सुजितनं डिलीट दाबलं. तुकडा जागच्या जागी. पुन्हा दाबलं. पडद्यावर दौलतराव पुन्हा नाचले.

"काका, गेली कामातून," सुजितनं कपाळाला हात लावला. "ही एसएसडी, व्हिडिओ साठवायची डबी. उल्हासनगरातून स्वस्तातली उचलली. स्वस्तातलीत एकेका कप्प्यात चौघांचा माल कोंबतात, कप्पे लवकर झिजतात. त्यात मी प्रत्येक हळद हिच्यावरच भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. आता हिनं कुलूप लावलं. नवं भरू देत नाय, जुनं पुसू देत नाय."

"मग फोड तिला!"

"आणि किर्तीची बाकीची हळद? ती अजून हिच्यातच आहे, नवी डबी आणल्याशिवाय उतरवता येत नाय."

तेवढ्यात दार ढकलून बाळाच आत आला. भावाकडे न बघता म्हणाला, "सुजित, तो नाचाचा तुकडा काढ बाबा. लोक म्हणतील, मीच ह्याच्या गळ्यात पडलो."

"पडलासच," दौलतराव भिंतीकडे बघत म्हणाले. "सुजित, त्याला सांग, आधी हात त्यानं टाकला."

"त्याला सांग, डोळे तपासून घे."

सुजित बिचारा वैतागला. त्यानं तुकडा सरळ लावूनच टाकला.

"थांब! मागं घे!" दोघं एकदम ओरडले.

मागं घेतलं. पुन्हा लावलं. निकाल काही लागेना.

"बघून झिजते का रे ही?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"नाय काका. बघून काय होत नाय."

"मग लाव परत."

बाळा आता पार पडद्यापाशी वाकला होता. "दादा, तू रडतोयस इथं."

"हळद गेली डोळ्यात," दौलतराव म्हणाले. "सरक जरा. तुझ्या टाळक्यामुळं काय दिसत नाय."