ॲसिटॅल्डिहाइड कुठं तोडायचं

गुरुबसप्पा सर लातूरच्या आपल्या क्लासमध्ये रसायनांची लांबलचक नावं तोडून दीडशे पोरांकडून एका सुरात म्हणून घेत. "ॲसिटल... डिहाइड!" वर्ग गर्जला, तशी बिलोलीची आलिया उठली.

"सर, ते ॲसिट, मग ॲल्डिहाइड हाय ना?"

"तुमच्या बिलोलीत असंल, बाई. लातुरात न्हाई!"

वर्ग खो खो हसला. पोरगी खाली मान घालून बसली.

घरी सरांनी शब्दकोश उघडला, तर पोरीचंच खरं निघालं. त्यांना जेवण गेलं नाही. उद्या भर वर्गात चूक कबूल करणार, असं बायकोला सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडणार, तोच आलिया उभी राहिली. "सर, काल माझं चुकलं. ॲसिटल-डिहाइड. हॉस्टेलच्या पोरींनाबी तसंच शिकवलं."



"शाब्बास," सर फळ्याकडे वळून म्हणाले. "चला, सगळे म्हणा."