लाल खुर्ची

पोरीचं वय चार, पण पायाला भिंगरी. वेगळे राहायला लागल्यापासून आईबाबांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या प्रश्नावलीत ‘एका जागी बसत नाही’ या ओळीपुढे दोघांनीही, एकमेकांना न विचारता, ‘नेहमी’वर खूण केली होती. आज दवाखान्यात मात्र दोघांमधल्या लाल, बुटक्या खुर्चीत ती अर्धा तास पुतळ्यासारखी बसून होती. “अहो, ही तर गरीब गाय आहे!” डॉक्टरीणबाई हसल्या. लेकरावर आपण उगाच शिक्का मारला की काय, असं वाटून आई ओशाळली. बाबा घड्याळ बघत उठला. “चल गं,” म्हणत आईनं तिला उचललं, तर खुर्चीही तिच्याबरोबर वर आली. दोन्ही मुठींत तिनं खुर्चीच्या कडा आवळून धरल्या होत्या. “बाबा, बघ, मी अजिबात हलले नाही. आता तरी घरी राहायला येशील ना?”