आधीची ओळ

एखाद्या दिवशीची नोंद नसेल तर काय छापायचं, हे सांगितल्याशिवाय रस्ट या संगणकभाषेतला प्रोग्राम काही चालू होईना. तिने लिहिलं, "आई नाही."

चिपळूणला एकट्या राहणाऱ्या आईला तिनेच ब्लॉकचेनवर, म्हणजे लिहिलेलं कधीच पुसलं न जाणाऱ्या ऑनलाइन वहीत, खातं उघडून दिलं होतं. आई रोज सकाळी फोनवरून त्यात लिहायची, "मी बरी आहे." खात्यावर नेहमी शेवटचीच ओळ दिसे, ती बघून लेक निर्धास्त कामाला लागायची. आई जाऊन आठ महिने झाले, तेव्हा कुठे तिला मागच्या सगळ्या नोंदी वाचाव्याशा वाटल्या, म्हणून हा प्रोग्राम.

ओळी सरसर उतरू लागल्या. रोजच्या दोन. आधी, "येतेस का गं?" आणि मिनिटभराने, "मी बरी आहे." पहिली ओळ तिने कधी पाहिलीच नव्हती.

ती तोंडावर हात धरून वाचत राहिली. आई गेली ती तारीख मागे पडली, तरी "आई नाही" कुठेच उमटेना. त्याच दोन ओळी येत राहिल्या. आजच्या तारखेला मात्र एकच होती: "येतेस का गं?"

आतून नवऱ्याने विचारलं, "अगं, कपाटातला आईंचा फोन तू चार्जिंगला लावलायस का?"