आधी जेव

लुंबिनीने टीव्हीची वायर ओढून काढली, तोच सासू दारात उभी राहिली.

"बंद का केलास?"

"लाईट गेली, आत्या."

डोक्यावर पंखा गरगरत होता. धुरपताबाईने एकदा पंख्याकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली.

लुंबिनीने नुकतीच टीव्हीवर बातमी पाहिली होती. आफ्रिकेत शांतिसेनेचं हेलिकॉप्टर कोसळलं होतं. आत आपलेच जवान, एकही वाचला नव्हता. नावं अजून सांगितली नव्हती. तिचा नवरा आनंदराज तिथेच होता, हेलिकॉप्टरवर मेकॅनिक. तो काही रोज वर जात नाही, असं ती मनाला समजावत होती. पण त्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती.

म्हातारीला मात्र कळताच कामा नये. तिची छाती आधीच दुखरी. धक्का बसू देऊ नका, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नावं कळेपर्यंत तोंड हसरं ठेवायचं, लुंबिनीने ठरवलं. ठरवायला काय जातंय? ओढलेली वायर अजून तिच्या हातातच होती.

"ये, जेवून घे."

"भूक न्हाई, आत्या."

"दोन जिवांची हायेस. भूक न्हाई म्हनून भागतंय व्हय?"

ताटात ज्वारीची भाकरी पडली, आंबाडीची भाजी पडली. एरवी तुपाचा डबा कडीकुलपात ठेवणारी बाई आज भाकरीवर तूप ओतत होती. स्वारी खुशीत आहे, बिचारीला काही ठाऊकच नाही, या विचाराने लुंबिनीला भडभडून आलं. नको म्हणावं तर संशय यायचा. तिने घास तोंडात कोंबला. तो तोंडातच घोळवत राहिली. सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दुसरी भाकरी वाढली.

"तुमी बी बसा की, आत्या."

"माझं ऱ्हाऊ दे. तू खा."

ताट रिकामं होईपर्यंत म्हातारी समोरून हलली नाही. लुंबिनीने हात धुतले. मग धुरपताबाईने ताट बाजूला सारलं आणि सुनेला घट्ट पोटाशी ओढलं.

"पोट भरलं?"

"हाव."

"मंग आता रड, पोरी. नांदेडहून फौजेचे साहेब आलेत, कवाचे गल्लीच्या तोंडाला उभे हायेत. म्याच म्हनलं, पोरीला आधी जेवू द्या."