अनुमोदक

"अनुमोदन?" महापौरबाईंनी विचारलं आणि सभागृहात कधी नव्हे ती शांतता पसरली.

पाठिंबारावांना ती हवीच होती. बावीस वर्षं ते खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसत आले होते आणि एवढ्या काळात सभागृहात त्यांच्या तोंडून निघालेला शब्द म्हणाल तर हा एकच. नळ असो, नाला असो, कुणाचा सत्कार असो, ठराव कुणीही मांडावा, अनुमोदन पाठिंबारावांचं. त्यांचं खरं नाव मतदारांना निवडणुकीच्या दिवशी मतपत्रिकेवर वाचूनच कळायचं.

आज मात्र त्यांनी गप्प बसायचं ठरवलं होतं. ठराव होता कालव्यावरचा पादचारी पूल त्याच दिवशी संध्याकाळपासून बंद करण्याचा. एरवी महापालिकेला खड्डा बुजवायला दोन वर्षं लागत, पण पूल बंद करायचे पत्रे कालच येऊन पडले होते. पुलाच्या अलीकडे पाठिंबारावांचा वॉर्ड, पलीकडे शुश्रूषागृह. तिथे त्यांचे मेहुणे, ताईचे यजमान, दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते आणि ताईशिवाय कुणाच्याही हातचा घास गिळत नव्हते. ताई दिवसातून दोनदा पूल ओलांडायची. पूल गेला तर पाच किलोमीटरचा वळसा होता, आणि ताईचे गुडघे तिला पुलापलीकडेच जेमतेम नेत.

"तू भाषणबिषण करू नकोस," ताईनं सकाळी बजावलं होतं. "तुला जमायचं नाही. फक्त तोंड मिटून बस."

"तेवढं येतं गं मला."

हिशेब सोपा होता. पुलाजवळच्या बायकांनी आठवडाभर एकेका नगरसेवकाच्या दारात ठाण मांडलं होतं. हात वर करायला तरीही सगळे तयार होते, कारण हात नुसते मोजले जातात. अनुमोदकाचं मात्र नाव लिहिलं जातं. ते कुणालाच नको होतं. आणि अनुमोदन नाही मिळालं, तर ठराव जागच्या जागी पडतो.

ठराव मांडणारे वकीलसाहेब पंख्याकडे बघत होते. कुणी चष्मा पुसत होतं. कुणी न आलेला फोन कानाला लावला होता. वर गॅलरीत ताई ताठ बसली होती.

शांतता लांबली. पाठिंबारावांच्या घशात काहीतरी खवखवू लागलं. नळ वाहतो आहे, हाताशी आहे, आणि बंद करायचा नाही, असं त्यांना होऊ लागलं. त्यांनी ओठ आवळले. बाकाची कड घट्ट धरली.

"अनुमोदन," कुणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून पाठिंबारावांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"वा!" वकीलसाहेब पंख्यावरून खाली आले. नगरसचिवांनी नाव लिहून घेतलं.

"अहो नाही, नाही! ते सवयीनं झालं!"

"इथं सगळं सवयीनंच चालतं हो," महापौरबाई मायेनं म्हणाल्या.

"मला विरोधात बोलायचंय."

नगरसचिवांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "अनुमोदकाला विरोधात बोलता येत नाही."

"मग मी अनुमोदन मागे घेतो."

"घ्या की. तशी सूचना मांडावी लागेल."

"मांडली!"

"अनुमोदन?" महापौरबाईंनी विचारलं.

पाठिंबारावांनी एकेकाकडे पाहिलं. पाणी समितीच्या सभापतींना त्यांनी अकरा वेळा दिलं होतं. डॉक्टरांच्या वडिलांचं नाव चौकाला दिलं, तेही त्यांच्याच अनुमोदनानं. आता सगळे पंख्याकडे बघत होते. पाठिंबारावांनी स्वतःच तोंड उघडलं.

"स्वतःच्या सूचनेला स्वतः नाही देता येत," नगरसचिव म्हणाले.

"बावीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना दिलं! एकानं, निदान एकानं तरी..."

"यांच्या भावना नोंदवून घ्यायच्या का?" महापौरबाईंनी विचारलं.

"त्यालाही अनुमोदन लागेल, बाई."

हात वर झाले, मोजले गेले, ठराव मंजूर झाला. वकीलसाहेबांनी पाठिंबारावांच्या खांद्यावर थाप मारली. "आज तुमच्यामुळे अब्रू वाचली हो."

पाठिंबारावांनी वर पाहिलं. ताईची जागा रिकामी होती. ते उठले.

"बसा, बसा," महापौरबाई म्हणाल्या. "चौघे चहाला गेलेत, तुम्हीही गेलात तर कोरम तुटेल. आणि पुढचा विषय तुमच्याच लोकांचा आहे. पूल बंद झाल्यानं होणाऱ्या गैरसोयीचा अभ्यास करायला समिती नेमायचीय. सभाच मोडली तर तीही गेली."

पाठिंबाराव बसले. समितीला अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. अनुमोदन त्यांनीच दिलं. दुसरं कोण देणार होतं?

तेवढ्यात दारावरचा म्हातारा शिपाई पाय न वाजवता आला आणि त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब, ताई गेल्या. निरोप दिलाय. पत्रे ठोकायच्या आत पलीकडे पोचते म्हणाल्या. घराची किल्ली शेजारी दिलीय."

"किल्ली? किल्ली कशाला?" पाठिंबारावांचा आवाज चिरकला. "परत कधी येणार, विचारलं नाहीस?"

"विचारलं ना." शिपाई जरा घुटमळला. "म्हणाल्या, तो विषय आज सभेपुढे नव्हता."