सवयींचा सत्कार

"टाळ्या!" ऑफिसच्या वेलनेस विभागाच्या मॅडम माइकवर ओरडल्या. सभागृहानं दमलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर सत्कारमूर्ती बाईंचा आलेख झळकत होता. पहिल्या रांगेत बाईंचे यजमान बसले होते, मुठी गुडघ्यांवर दाबून.

"याच बाई कामानं पार पिचून घरी बसल्या होत्या. आम्ही मनगटाला हा पावलं मोजणारा बँड दिला. छोट्या छोट्या सवयी, बस्स! आता बघा. रोज पहाटे चालणं, एक खाडा नाही. दुपारी झोप. मध्येच धावतातसुद्धा!"

यजमानांशेजारी बाईंच्याच खात्यात नवी लागलेली मुलगी होती. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी घेऊन तिचा घसा बसला होता.

"काका, मी आठवडाभर रजा मागितली, तर हातात बँड दिला," ती कुजबुजली. "म्हणे, बाईंना जमलं, तुला काय धाड भरलीय?"

"आणि रजा?"

"आता सगळ्यांचीच बंद होणार. आजच्या सत्कारानंतर जाहीर करणारेत." ती कसनुसं हसली. "घरी गेल्यावर सांगा त्यांना. बाईंची चाल आणि आमचे हाल!"

यजमानांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सगळ्यात गोड सवय पुढेच आहे," मॅडम म्हणाल्या. "झोपण्याआधी बाई जागच्या जागी दोन-तीन गोल चकरा मारतात. मन कसं मोकळं होतं! चला, उभे राहा सगळे!"

सगळे उभे राहिले. टायवाले साहेब, हिशेबनीस, दारावरचा रखवालदार, निमूटपणे गोल फिरू लागले. कुणी हसलं नाही. पोट सगळ्यांनाच होतं.

यजमान तेवढे बसून राहिले.

"बाईंना नाही आणलंत?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"चालायला गेल्या असतील!" मॅडम स्वतःच खळखळून हसल्या. "मग तुम्हीच या. सांगा यांना, माणूस सुधारतो तो सवयींनी, रजेनं नव्हे."

यजमान मंचावर चढले. माइक हातात घेतला.

"तिला जाऊन सहा महिने झाले. मी ऑफिसला कळवलं होतं. तरी तिच्या फोनवर तुमचा निरोप रोज तिलाच दटावायचा, आज चालला नाहीत म्हणून. शेवटी तो बँड मी आमच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला."